घर, शाळा आणि मुलाचा कल

शाळेत न जाणारे मूल म्हटले की एके काळी आपल्यासमोर एकच चित्र उभे राही. गुरे राखणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे, आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात गेलेले मूल. त्याला शाळेत कसे आणायचे, हा आपल्यापुढचा मोठा प्रश्न होता आणि पुष्कळ अंशी तो आजही आहे. अलीकडे मात्र या चित्राशेजारी दुसरे एक चित्र आले आहे. आईवडील सुशिक्षित, घरात पुस्तके आणि संगणक, शाळा हाकेच्या अंतरावर, फी भरण्याची ऐपतही आहे; आणि तरीही मुलाला शाळेत घालायचे नाही, असा विचारपूर्वक घेतलेला निर्णय. मूल घरी राहील, त्याला जेव्हा जे शिकावेसे वाटेल ते तेव्हा शिकेल, आम्ही फक्त मदत करू, अशी ही भूमिका. तिला कोणी 'घरशाळा' म्हणतात, कोणी 'स्वशिक्षण'. मुंबई-पुण्याइतकी नसली तरी नाशिकसारख्या शहरातही या विषयाची चर्चा पालकांत होऊ लागली आहे.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की बहुधा दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक : "श्रीमंतांची थेरं आहेत ही!" दुसरा, जरा हळू आवाजात : "आपल्या शाळांतून तरी काय शिकवलं जातंय म्हणा!" हे दोन्ही उद्गार विषयाला बगल देणारे आहेत. घरशाळेमागे एक युक्तिवाद आहे आणि कोणत्याही युक्तिवादाप्रमाणे तो तपासून पाहता येतो. त्यातले किती टिकते आणि किती टिकत नाही, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

युक्तिवाद काय आहे?

या विचाराचा सर्वांत वाचला गेलेला लेखक म्हणजे जॉन होल्ट. हा अमेरिकन शिक्षक पाचवीच्या वर्गावर शिकवत असे. वर्गात मुले प्रत्यक्षात काय करतात, याच्या नोंदी तो ठेवी. त्यांतून 'हाऊ चिल्ड्रेन फेल' हे पुस्तक १९६४ साली तयार झाले. मुले नापास का होतात? होल्टचे उत्तर थोडक्यात असे : ती घाबरलेली असतात. चुकण्याची भीती, हसे होण्याची भीती, मोठ्यांना नाराज करण्याची भीती. त्यामुळे विचार करण्याऐवजी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत 'बरोबर उत्तर' हुडकण्याच्या युक्त्या ती शोधून काढतात. उत्तर अर्धवट पुटपुटायचे. बाईंची मान हलली तर पुढे जायचे, भुवई चढली तर थांबायचे. १९६७ सालच्या 'हाऊ चिल्ड्रेन लर्न' या पुस्तकात त्याने शाळेबाहेरची लहान मुले पाहिली. ती बोलायला, चालायला, खेळायला कोणाच्याही धड्यांवाचून शिकतात, हे त्याने बारकाईने दाखवले.

होल्टला प्रथम शाळा सुधारायच्या होत्या. पुढे त्याचा शाळांवरचा विश्वास उडाला. इव्हान इलिच याचे 'डीस्कूलिंग सोसायटी' हे पुस्तक १९७१ साली आले होते. त्या विचारांचाही हा काळ होता. १९७७ साली होल्टने 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले आणि १९८१ साली 'टीच युवर ओन' या पुस्तकातून पालकांना सरळच सांगितले की, आपल्या मुलांना आपणच घरी शिकवा.

होल्टची निरीक्षणे आपल्यापैकी कोणाला परकी वाटणार नाहीत. "समजलं का?" असे विचारल्यावर साठ मुलांनी एका सुरात म्हटलेले "हो!" आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या "हो" मध्ये समजल्याचा अंशही नसतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा शाळेवरच्या टीकेशी आमचा वाद नाही. वाद आहे तो त्या टीकेतून काढलेल्या निष्कर्षाशी. 'शाळेत मूल घाबरते, म्हणून मुलाला शाळाच नको' आणि 'लहान मूल आपोआप शिकते, म्हणून सर्व काही आपोआप शिकेल' या दोन उड्या आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाने या उड्यांपाशी थांबले पाहिजे.

कुंडीतल्या रोपाचा प्रयोग

घरशाळेच्या बाजूने बोलताना उदाहरणे दिली जातात, आणि ती खरोखर थक्क करणारी असतात. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली. आईने नोकरी सोडून तिच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचा मार्ग बंद होता; पण २०१६ साली अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेने तिला प्रवेश दिला. प्रमाणपत्रावाचून दार न उघडणाऱ्या आपल्या व्यवस्थेला यातून घेण्यासारखा धडा आहे, यात शंका नाही.

परंतु यावरून 'शाळा सोडल्यामुळे असे झाले' हे सिद्ध होते का? आपण वर्गात करतो तो साधा प्रयोग आठवू या. दोन कुंड्यांत मूग पेरले. एक कुंडी उन्हात ठेवली, तिला रोज पाणी दिले, खत घातले आणि तिची जुनी माती बदलली. दुसरी तशीच ठेवली. पहिल्या कुंडीतले रोप जोमाने वाढले. एखादा विद्यार्थी म्हणाला, "सर, माती बदलल्यामुळे रोप वाढलं," तर आपण त्याला काय सांगू? "बाळा, तू एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यास. श्रेय एकट्या मातीला कसं देतोस?"

घरशाळेत नेमके हेच होते. शाळा काढून टाकली, ही एक गोष्ट. पण त्याच वेळी सुशिक्षित प्रौढ व्यक्तीचा जवळजवळ पूर्ण वेळ मिळाला. साठ मुलांत एक शिक्षक असण्याऐवजी एका मुलामागे एक शिक्षक आला. पुस्तके, साधने आणि तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्याच्या ओळखी आल्या. मालविकेलाही चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या नामवंत संस्थेत शिकण्याची संधी मिळाली होती. ही संस्थाही शिकवण्यासाठीच उभी केलेली आहे. 'शाळा नको' म्हणणाऱ्या वाटेवरही ती लागलीच. शिवाय जी मुले घरी राहून रमली नाहीत, मागे पडली किंवा दोन वर्षांनी मुकाट्याने शाळेत परतली, त्यांची बातमी छापून येत नाही. निवडक नमुन्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये, हे आपण मुलांना शिकवतो. ते इथेही लागू आहे.

मग घरशाळेच्या यशातून काहीच शिकायचे नाही का? अवश्य शिकायचे. मुलाला भरपूर वेळ, हाताळायला वस्तू आणि त्याच्याकडे लक्ष देणारा एक बिनघाईचा माणूस मिळाला तर ते किती पुढे जाऊ शकते, हे या कुटुंबांनी दाखवून दिले आहे. फक्त या तिन्ही गोष्टी म्हणजे शाळेचा अभाव नव्हे. त्या शाळेतही असू शकतात. त्या का नसतात, हा खरा प्रश्न आहे.

कल कुठवर नेतो?

आता दुसरी उडी. मूल बोलायला आपोआप शिकते, म्हणून वाचायला, लिहायला आणि विज्ञानही आपोआप शिकेल का? बोलणे ही मानवजातीची अतिशय जुनी क्षमता आहे. बोलणारी माणसे भोवती असली की धडधाकट मूल बोलू लागते. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची, आणि न्यूटनचे गतीचे नियम छापले गेले ते १६८७ साली. डेव्हिड गिअरी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच फरकावर बोट ठेवले. काही गोष्टी शिकण्याची तयारी मूल जन्मतः घेऊन येते. काही गोष्टी माणसाने अलीकडे निर्माण केल्या आहेत आणि त्या पुढच्या पिढीकडे मुद्दाम सोपवाव्या लागतात. वाचन, दशमान पद्धती, बीजगणित, बहुतेक सारे विज्ञान या दुसऱ्या गटात मोडते.

विज्ञानाच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. विज्ञान पुष्कळदा सहज अनुभवाच्या विरुद्ध जाते. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर जात असताना त्याच्यावर कोणते बल लावलेले आहे? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, "हाताचं बल अजून शिल्लक आहे, ते हळूहळू संपतं." प्रत्यक्षात हवेचा विरोध सोडला तर एकच बल असते, पृथ्वीच्या ओढीचे, आणि तेही खालच्या दिशेने. मुलांचे उत्तर मूर्खपणाचे नाही. शतकानुशतके मोठमोठे विद्वान याच धर्तीवर विचार करत होते. मुद्दा असा की, मूल दिवसभर आवडीने चेंडू खेळले तरी चेंडू त्याची ही समजूत खोडून काढणार नाही. तिला धक्का देणारा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. हा प्रश्न मुलाच्या कलातून निघत नाही. पण तो मुलाच्या कलाला एक पायरी वर घेऊन जातो.

नाशिकच्याच मातीतले उदाहरण घेऊ. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातील मुलाला बागेत काय चालते ते न शिकवता ठाऊक असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. माल तयार होत आला की घरातला मोठा माणूस मणी चुरडून रसाचा थेंब एका छोट्या नळीसारख्या उपकरणावर टाकतो, उजेडाकडे धरून डोळा लावतो आणि म्हणतो, "अठरा आली." हे ब्रिक्स मोजण्याचे उपकरण, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, आणि त्यांत बहुतांश साखर. मुलाला हे उपकरण हातात घ्यावेसे वाटणारच. ते एका दिवसात वाचन घ्यायला शिकेल, आणि 'हे यंत्र साखर मोजते' अशी समजूत करून घेईल.

आता शिक्षकाने हेच उपकरण तासापुरते शाळेत आणले असे समजू. ९० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवली. काट्याने १० दाखवले. ८० ग्रॅममध्ये २०. काट्याने २० दाखवले. मुले खूश. मग शिक्षकाने पाण्यात साखरेऐवजी मीठ विरघळवले आणि तो थेंब ठेवला. वाचन शून्य यायला हवे, कारण साखर नाहीच. पण काटा वर सरकलेला! वर्गात एकदम शांतता. मग हे यंत्र मोजते तरी काय? ते साखर ओळखतच नाही. द्रावणातून जाताना प्रकाशकिरण किती वाकतो, तेवढेच ते पाहते. द्राक्षाच्या रसात विरघळलेली मुख्य वस्तू साखर असते, म्हणून त्या वाकण्यावरून आपण साखरेचा अंदाज करतो. मोजमाप आणि अनुमान यांतला फरक मुलांच्या हाती लागला तो एका चिमूटभर मिठाने.

छाटणीचेही तसेच. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे तशी थंडी नाही, वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या छाटणीनंतर येणाऱ्या काडीत फळधारणेचे डोळे तयार करून घ्यायचे आणि ऑक्टोबरच्या छाटणीने त्यांतून घड बाहेर काढायचे. ऋतूचे काम येथे कात्री करते. बागेतल्या मुलाने दोन छाटण्या जन्मापासून पाहिलेल्या असतात. जे नेहमीच पाहिले ते 'असेच असते' असे वाटते आणि 'दोनदाच का?' हा प्रश्न मनात उठत नाही. तो बाहेरून यावा लागतो.

हे मीठ कोण टाकणार, हा प्रश्न कोण विचारणार, यावर सारे अवलंबून आहे. घरात कृषी पदवीधर किंवा अभियंता असेल तर कदाचित तो विचारील. ज्या घरात तसे कोणी नाही तेथे? याच बागांत पेठ-सुरगाण्याहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलेही असतात. तीच वेल, तोच रस, तेच ऊन त्यांच्या वाट्याला येते. जिज्ञासाही काही कमी नसते. त्यांच्यासाठी तो चिमूटभर मिठाचा माणूस शाळेतच भेटला तर भेटेल. नाहीतर कोठेच नाही.

देवळालीचे मास्तर

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर १९३० ते १९६२ पर्यंत शिकवत होते. त्यांचा आकड्यांशी चाललेला खेळ आज जगभर माहीत आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहान, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. फार तर सात पायऱ्यांत तेथे पोहोचता येते. कापरेकरांनी हा स्थिरांक १९४९ साली मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

घरशाळेचे समर्थक म्हणतील, पाहा, स्वतःच्या आनंदासाठी केलेले गणितच खरे! मान्य. पण हा आनंद ज्याच्या ठायी होता तो माणूस रोज शाळेत होता. खेळ आणि शाळा एकमेकांचे वैरी नाहीत, याचा आणखी कोणता पुरावा हवा? हाच खेळ मुलांना दिला की ती तासन्तास रमतात. ती तीन अंकी संख्या घेतील आणि त्यांना ४९५ सापडेल. दोन अंकी घेतील आणि गोंधळतील, कारण तेथे एका संख्येवर न थांबता ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. सगळी उत्तरे नऊच्या पाढ्यातली आहेत, हे एखादी चुणचुणीत मुलगी ओळखील. इथवर मुलाचा कल नेतो. पण नऊच का? त्यासाठी संख्या १०अ + ब अशी लिहावी लागते, अंक उलटवून १०ब + अ, आणि वजाबाकी ९(अ − ब). ही अक्षरांची युक्ती माणसाला फार उशिरा सुचली. ती प्रत्येक मुलाने पुन्हा नव्याने शोधावी ही अपेक्षा म्हणजे मुलाचा आदर नव्हे. त्याला वारसा नाकारणे आहे. ती केव्हा सांगायची, एवढेच मुलाच्या कलाने ठरवावे : मुलगी "का?" म्हणून हटून बसेल तेव्हा.

सक्ती कोणी मागितली?

शाळा म्हणजे कारखान्यासाठी आज्ञाधारक मजूर घडवण्याची सोय, आणि सक्ती हा सरकारचा जुलूम, असे घरशाळेच्या साहित्यात वारंवार येते. पाश्चात्त्य देशांच्या इतिहासात याला काही आधार असेलही. आपला इतिहास वेगळा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीत केलेला प्रयोग १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण आणले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. ही सक्ती ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवले होते त्यांच्या वतीने मागितलेली होती.

त्याआधी काय होते? एका अर्थाने घरशाळाच होती. विद्या ज्या घरात होती त्या घरातल्या मुलाला मिळे. नव्हती त्या घरातल्या मुलाला मिळत नसे. घर ही जगातली सर्वांत प्रेमळ शाळा असेल, पण सर्वांत विषम शाळाही तीच आहे. घरशाळेच्या पुस्तकांत हा मुद्दा अगदीच पुसट येतो. त्यांवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानते; मात्र ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून शाळेत न जाता दहावीची परीक्षा देता येते. ही वाट असावी. वर्गात अपमानित होणारी, सतत मार खाणारी, अपंगत्वामुळे दुर्लक्षिली गेलेली काही मुले आहेत. त्यांच्यासाठी शाळा सोडणे हीच सुटका ठरू शकते. अशा पालकांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण 'मूल घरी शिकते आहे' हे वाक्य उसाच्या फडावरचा मुकादमही उच्चारू शकतो. म्हणून ही वाट अपवादाची राहावी, आणि त्या वाटेवरचे मूल खरोखर शिकते आहे ना, हे पाहणारे कोणीतरी असावे, असे आम्हांला वाटते.

बाहेर पडावे की आत यावे?

गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाची चिंता वाटू लागली, म्हणून ते माँटेसरीच्या विचारांकडे वळले. आजच्या घरशाळेच्या पालकाची सुरुवात होते तशीच ही सुरुवात. पण गिजुभाई मुलाला घेऊन घरात बसले नाहीत. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत जाऊन त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या 'दिवास्वप्न' मधला शिक्षकही आपला प्रयोग एका सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गात करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे अनुताई वाघांसह बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाच्या कलाने शिक्षण याचा 'कुरणशाळा' याहून चांगला अर्थ आम्हांला ठाऊक नाही.

हे एकट्यादुकट्या संस्थेत जमते, सरकारी शाळेत नाही, असे म्हणावे तर १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम आठवावा. सोळा सरकारी शाळांत सुरुवात झाली. मुले स्वतः प्रयोग करीत, निष्कर्ष काढीत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत आणि मनात येतील ते प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक मित्राला पत्राने विचारीत. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो सुमारे एक हजार शाळांत पोहोचलेला होता. चांगले शिक्षण सार्वजनिक शाळेत अशक्य आहे असे त्यातून सिद्ध झाले नाही. ते सुरू ठेवावे म्हणून आग्रह धरणारा आवाज पुरेसा मोठा नव्हता, एवढेच दिसले.

हा आवाज कोणाचा असायला हवा? येथे पालकाच्या निवडीचा दुसऱ्या मुलांशी संबंध येतो. जो पालक वाचतो, प्रश्न विचारतो, मुख्याध्यापकांपुढे ठामपणे बोलू शकतो, तोच शाळेबाहेर पडला तर मागे राहतात ती ज्यांचे आईवडील सभेला येऊच शकत नाहीत अशी मुले. आणि ती मुले शाळेला विटलेली आहेत असे समजू नये. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्याच इगतपुरी तालुक्यात दरेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा बंद करण्याचे ठरले. तेव्हा तेथील मुलांनी नाशिकला जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला. आमची दप्तरे घ्या आणि वळायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शाळा नसली तर आपल्या वाट्याला काय येते, हे त्या मुलांना कोणत्याही शिक्षणतज्ज्ञापेक्षा स्पष्ट दिसत होते.

तरीही घरशाळेने शाळेपुढे धरलेला आरसा आपण फोडू नये. शिक्षकाला वेळ नसतो, कारण निवडणूक, जनगणना, निरनिराळ्या याद्या आणि अहवाल त्याच्या मागे असतात. हे खरे आहे आणि ते बदलण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण सारे बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आठवड्यातला एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवता येईल, आणि त्या तासाला कोणतेही उत्तर चूक म्हणून खोडले जाणार नाही असे ठरवता येईल. गावातली साधने, द्राक्षबागायतदाराचे ब्रिक्स मोजणारे उपकरण, सुताराची पातळी, दूध डेअरीतला लॅक्टोमीटर, एक दिवसापुरती मागून आणता येतील. घरी मुलांना शिकवणारे पालक परिसरात असतील तर त्यांना शत्रू न मानता त्या तासाला बोलावता येईल; त्यांच्याकडे वेळ आहे, साधने आहेत, आणि त्यांच्या मुलांनाही साठ सवंगड्यांची गरज आहे.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. घरोघरी म्हणजे प्रत्येक घरी. आपल्या एका घरापुरता पाट काढून घेण्यात पालकाचा काही अपराध नाही. पण बाकीच्या घरांपर्यंत पाणी नेणारा मोठा कालवा अजून तरी शाळा हाच आहे. तो गाळाने भरला असेल तर तो उपसण्याचे काम आपले आहे, आणि ज्यांना गाळ दिसतो त्यांनीही खोरे घेऊन आपल्याबरोबर उतरावे, एवढेच आमचे मागणे आहे.